ठासणीच्या बंदुकीचा नेम

दारू मोजायला टेबल मांडायचं म्हणून डॉ. शंतनू वैशंपायनने नोव्हेंबरात दोन्ही गाड्या गॅरेजमधून बाहेर काढल्या, त्या परत आत आल्याच नाहीत. दारू म्हणजे बंदुकीची. त्याची बायको सुनेत्रा पुण्याच्या बहिणीला फोनवर सांगायची, "आमच्याकडे दारू काट्यावर मोजतात, आणि तरी माणूस झिंगल्यासारखा फिरतो."

शंतनू डोळ्यांचा सर्जन. ओहायोतल्या डब्लिनमध्ये त्याची निम्मी हयात गेली होती आणि आसपासच्या कितीतरी म्हाताऱ्यांचे मोतीबिंदू त्याने काढले होते. त्यातलाच एक डेल, प्लेन सिटीकडचा शेतकरी. लख्ख दिसायला लागल्यावर त्याने डॉक्टरला हौसेने हरणांच्या शिकारीला नेलं, आणि कोथरूडच्या वरणभातावर वाढलेल्या या माणसाला तिचं वेडच लागलं. सुनेत्राची अट एकच होती: मांस गॅरेजमधल्या फ्रीजरच्या अलीकडे येता कामा नये.

जानेवारीत इथे मोजके दिवस फक्त ठासणीच्या बंदुकीने शिकार करायची मुभा असते. शंतनूची बंदूक ठासणीचीच, पण नव्या जातीची. धूर न करणारी आधुनिक दारू सोसावी म्हणून मुद्दाम तशी घडवलेली. नळीच्या तोंडातून वजन केलेली दारू ओतायची, प्लास्टिकच्या टोपीत बसवलेली गोळी वरून गजाने ठासायची, आणि मग बार उडवायचा. अशा प्रत्येक नळीची आवड वेगळी. कुठली दारू, किती, कुठली गोळी, हे जमवून जमवून तिला काय रुचतं ते शोधावं लागतं. गेल्या वर्षी शंतनूने ते शोधलं होतं. शंभर यार्डांवरच्या कागदात तिन्ही भोकं एकमेकांना चिकटली होती.

यंदा तीच दारू, तीच गोळी, आणि भोकं मात्र कोंबड्यांपुढे दाणे टाकावेत तशी पांगलेली.

"दारूचा डबा नवा आहे. त्यात फरक असणार," तो डेलला म्हणाला.

"बंदुकीवरच्या दुर्बिणीचे स्क्रू बघितलेस?"

"बघितले."

त्याने ते बघितले नव्हते. त्याला दोष दारूतच हवा होता.

कारण त्याआधी थोड्याच दिवसांपूर्वी, ऑपरेशन टेबलावर, मायक्रोस्कोपखाली त्याच्या हातातल्या चिमट्याचं टोक थरथरलं होतं. किती? गवताच्या पात्याला वारा लागावा इतकं. त्याने हात थांबवला, मनगट टेकवलं, श्वास सोडला आणि ऑपरेशन नीट पुरं केलं. शेजारच्या नर्सला काही कळलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर त्या आजीबाई भिंतीवरचं घड्याळ वाचून हसल्या. पण ते टोक हललेलं शंतनूने बघितलं होतं. त्याच संध्याकाळी त्याने क्लिनिकला कळवलं, माझी पाठ धरलीय, सगळी ऑपरेशन्स पुढे ढकला. घरीही तेच सांगितलं. सुनेत्रा बिचारी रोज रात्री त्याच्या धडधाकट पाठीला बाम चोळायची.

तेव्हापासून त्याला चैन नव्हतं. बसला की उठायचा, उठला की कशासाठी उठलो ते विसरायचा. टीव्ही लावून अंगणात जायचा. हात थरथरण्याची कारणं त्याला विद्यार्थीदशेपासून पाठ होती. साधी होती, भयंकर होती. त्या यादीतल्या पहिल्या, सगळ्यात भयंकर नावाशी मन पोचलं की तो तडक गॅरेजमध्ये जाऊन काटा सुरू करायचा. भोकं पांगली ती दारूमुळे, एवढं एकदा सिद्ध झालं की हात निर्दोष सुटणार होता.

मग त्याने दारू बदलली. गोळी बदलली. प्लास्टिकच्या टोप्या बदलल्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम त्याला डेलनेच शिकवला होता, आणि विज्ञानाच्या माणसाला तो शिकवायची गरजही नव्हती. पण त्याला दम निघेना. तो एकदम दोन-दोन बदलायचा आणि मग नेमकं कशाने बिघडलं ते कळायचं नाही.

"नळी थंड होऊ दे, डॉक," डेल ओरडायचा. "गरम नळीत प्लास्टिक मऊ पडतं." शंतनू मग सोयाबीनच्या कापलेल्या रानात येरझाऱ्या घालायचा, परत येऊन नळीला हात लावायचा, पुन्हा चालायला लागायचा.

"आण इकडे, मी मारून बघतो," डेल एकदा म्हणाला.

"नको, नको! तुझा खांदा दुखतो ना," शंतनूने बंदूक जवळजवळ छातीशीच धरली. डेलने टोपी मागे सारली आणि विषय सोडला.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला उर्वी घरी आली. उर्वी त्यांची एकुलती एक मुलगी. इथेच जन्मलेली, क्लीव्हलंडला पुलांची तपासणी करणारी इंजिनिअर. शुक्रवारी सकाळी ती कॉफी घेऊन गॅरेजमध्ये आली तेव्हा बाबा काट्यावर दारूचे शेवटचे दाणे सोडत होता. चार दाणे पारड्यात पडले आणि दहा टेबलावर.

"टू मच कॉफी, बाबा?"

"हो ना. कमी करायला हवी," तो म्हणाला आणि टेबल पुसायला लागला.

"मी येते आज तुझ्याबरोबर."

तिला नाही म्हणायला कारण सापडेना. डेलच्या रानात पोचले तेव्हा थंडी कडाक्याची होती, वारा मात्र पडलेला. म्हणजे आज वाऱ्यावरही खापर फोडता येणार नव्हतं. शंतनूने वाळूच्या पिशव्यांवर बंदूक टेकवली आणि तीन बार काढले. उर्वीने हातातल्या दुर्बिणीतून कागद पाहिला.

"सगळीकडे आहेत," ती म्हणाली. "बाबा, आता मी मारू?"

"पुढच्या वेळी. आधी ही दुसरी गोळी बघू."

"पुढच्या वेळी का? मला येतं. तूच शिकवलंस."

"अगं, ही धक्का फार देते..."

"बाबा." तिने आवाज खाली आणला. "तू ही कुणालाच का देत नाहीस? डेल म्हणाला मला."

शंतनूने डेलकडे पाहिलं. डेल ट्रकच्या टायरकडे बघत होता. पोरीने मारलं आणि भोकं जुळली, तर संपलंच सगळं. पण नाही म्हणण्यासारखं त्याच्यापाशी आता काही उरलं नव्हतं. तो बाकावरून उठला.

तिने सावकाश बंदूक भरली, गोळी पुरती ठासली गेल्याची गजावरची खूण नळीच्या तोंडाशी आली की नाही ते पाहिलं, गाल दस्त्याला टेकवला. पहिला बार. मग नळी थंड होईस्तोवर थांबणं. दुसरा. तिसरा. शंतनूने कागद बघायचा म्हणून डोळा दुर्बिणीला लावला आणि लावूनही मिटूनच घेतला. मग उघडला.

भोकं पांगली होती! त्याच्या भोकांपेक्षाही जास्त.

"अरे वा!" तो ओरडला. "बंदूकच! डेल, बघ, दोष बंदुकीचाच आहे!" त्याने डेलच्या पाठीवर थाप मारली, उर्वीला मिठी मारली, खिशातून फोन काढून सुनेत्राला लावला. "सुनेत्रा, अगं माझं काही नाही! बंदूक बिघडलीय!" पलीकडून ती विचारत राहिली की त्यात आनंद कसला, तर हा हसतच सुटला.

उर्वी हसत नव्हती. दिवसभर पुलांचे बोल्ट तपासणाऱ्या माणसाची बोटं स्वस्थ बसत नाहीत. तिने बंदुकीवरची दुर्बीण चिमटीत धरून हलवली, आणि ती हलली.

"बाबा, बैठकीचा स्क्रू लूज आहे."

डेलने ट्रकमधून पाना आणला. स्क्रू आवळायला जेमतेम मिनिट लागलं. शंतनू आनंदाच्या भरात अखंड बोलत होता. एवढ्याशा स्क्रूपायी किती दारू फुकट गेली, उद्या पाठ बरी झाली म्हणून सांगतो, सोमवारी कामावर जातो. बोलता बोलता त्यानेच नवा कागद लावून आणला.

"मार परत," तो उर्वीला म्हणाला. "आता बघच."

तिने तीन बार काढले. मध्यापासून जरासे डावीकडे, पण एका नाण्याखाली झाकली जातील अशी तीन भोकं.

"नाउ यू," ती म्हणाली.

शंतनू बसला. दारू तीच, गोळी तीच, स्क्रू घट्ट. दुर्बिणीतली बारीक रेघ कागदावरच्या काळ्या ठिपक्यावर ठेवली तर ती तिथे ठरेना. त्याने पिशवी सरकवली, कोपर सरकवलं, अर्धा श्वास सोडून चाप ओढला. नळी थंड होण्याची वाट बघताना या वेळी तो उठला नाही. दुसरा बार. तिसरा.

तो स्वतः चालत कागदापाशी गेला. डेल आणि उर्वी मागून आले. भोकं मघासारखी पांगली नव्हती, पण तिन्हींना झाकायला बशी लागली असती.

"हरणाला एवढं पुष्कळ झालं, डॉक," डेल म्हणाला.

"हरणाला पुष्कळ," शंतनू म्हणाला. "डोळ्याला नाही."

त्याने उजव्या हाताचा मोजा काढला आणि हात उर्वीसमोर पुढे धरला. नुसता धरला तर फारसं काही दिसत नव्हतं. मग त्याने बोटाचं टोक एका भोकावर नेऊन टेकवायचा प्रयत्न केला, आणि ते तिथे पोचता पोचता थरथरलं. उर्वीने हात धरला नाही. तिने ते पाहिलं, आणि तिने पाहावं एवढंच त्याला हवं होतं.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"पाठ दुखायला लागली तेव्हापासून."

संध्याकाळी सुनेत्राला सांगितलं तेव्हा ती रडेल असं त्याला वाटलं होतं. ती भडकली. "म्हणजे मी इतके दिवस रोज तुझ्या पाठीला बाम चोळतेय आणि पाठीला काहीच झालेलं नाही? सांगायला तोंड नव्हतं तुला? डॉक्टर ना तू? तुझा एखादा पेशंट असा वागला असता तर काय म्हणाला असतास?" ती स्वयंपाकघरात गेली, भांडी आदळली, बाहेर आली आणि त्याच्या शेजारी बसली. "सोमवारी मी येते बरोबर," ती म्हणाली.

सोमवारी त्याने आधी क्लिनिकमधल्या भागीदार डॉक्टरणीला सगळं सांगितलं आणि ऑपरेशनची यादी तिच्या हवाली केली. न्यूरॉलॉजिस्टने त्याच्याकडून कागदावर गोल वळणं काढून घेतली, पेल्यातून पेल्यात पाणी ओतायला लावलं. कारणांच्या यादीतलं ते पहिलं, भयंकर नाव नव्हतं. काम करताना हाताला सुटणारा साधा कंप. जिवाला धोका नाही, औषधांनी बराच आटोक्यात येईल. "पण मायक्रोस्कोपखाली..." न्यूरॉलॉजिस्ट म्हणायला लागला.

"ते मी आधीच बंद केलंय," शंतनू म्हणाला.

जानेवारीत तो शिकारीला गेला. लांबचा बार काढायचा नाही असं त्याने स्वतःच ठरवून टाकलं होतं. दोन हरणं लांबून गेली, ती जाऊ दिली. तिसरी हरणी बर्फातून पार जवळ आली तेव्हा मारली, आणि ती जागच्या जागी पडली. डेलने त्याचा हात हातात घेऊन हलवला, आणि त्यात कंप कुणाचा आणि थंडी किती, ते कुणाला कळलं नाही.

हॉस्पिटलने त्याला नव्या सर्जनना शिकवायला ठेवून घेतलं. पहिल्या दिवशी एक तरुण डॉक्टर मुलगी मोतीबिंदू काढत होती आणि शंतनू जोडीच्या मायक्रोस्कोपला डोळे लावून शेजारी बसला होता. तिचं काम चांगलं होतं, पण फार सावकाश. "घाई नको," तो सांगत होता, "थांब, आता जा पुढे." आवाज शांत होता. टेबलाखाली मात्र त्याचा उजवा पाय, स्वतः ऑपरेशन करताना मशीनचं पेडल दाबायचा तसा, रिकाम्या फरशीवर दाबला जात होता. एकदा त्याच्या ते लक्षात आलं, त्याने पाय मागे घेतला, आणि थोड्या वेळाने तो पुन्हा दाबायला लागला.