तेवीस खिडक्या

सातपुड्यातल्या काठी गावच्या होळीला ऊसतोडीवरची माणसं घरी येतात आणि राख थंड व्हायच्या आत परत गुजरातेत जातात. म्हणून सिकलसेल या रक्तदोषाची तपासणी त्यांच्या निघायच्या दिवशी ठेवलेली. हुकली, तर थेट पुढची होळी. नोंदीचा प्रोग्राम निशाने लिहिलेला.

कॉम्प्युटर म्हातारा, दोन जीबीचा. निशाने तोच प्रोग्राम दोन भाषांत लिहून मेमरी मोजली होती: सी प्लस प्लसचा अठरा एमबी खायचा, जावास्क्रिप्टचा दोनशे तीस. दुसरा दिसायला गोजिरा, म्हणून तिने तोच बसवला. प्रत्येक माणसाच्या नोंदीला पडद्यावर वेगळी खिडकी उघडायची, मोजताना मात्र तिने एकच उघडली होती. अतिशहाणपण, दुसरं काय!

नोंदीला बसलेल्या फुलवंताबाई सिस्टर एकही खिडकी बंद करेनात. कागदाच्या काळापासून त्यांची रीत होती, रिपोर्ट हातात पडेपर्यंत माणसाचं कार्ड टेबलावरून हलवायचं नाही.

"सिस्टर, झालेल्या खिडक्या मिटा ना. मशीन दमतंय."

"माणूस समोर बठेल शे, आनि त्यानं कार्ड कसं मिटू वं माय?"

एकोणीस. वीस. मेमरीचा आकडा चढत गेला. तेविसाव्या खिडकीला पडदा गोठला. खिडकी मिटल्यावरच नाव सेव्ह व्हायचं, म्हणजे सगळी नावं गेली. स्टँडमध्ये रक्ताच्या तेवीस नळ्या होत्या आणि त्यांच्यावर नुसते नंबर. निशाला रडूच फुटलं.

"रडस काय? रांग देख. कोनी उठेल शे का?"

खरंच, सगळे नंबराने भिंतीशी बसून होते. निशाने पेन ड्राइव्हवरचा सी प्लस प्लसचा साधा प्रोग्राम लावला आणि पहिल्या दिवलीबाईपासून पुन्हा नावं विचारत निघाली. सतराव्या जागी मात्र नुसत्या चपला होत्या.

"मजुरांची गाडी लागली, तिकडे गेला," शेजारची तुळशीबाई म्हणाली.

तेवढ्यात मागून सिस्टरांचा आवाज आला. "सतरानी नळी गढूळ शे." औषध घातल्यावरही गढूळ, म्हणजे रक्तात दोष.

निशा चपला उचलून धावत सुटली. गाडी सुरू झाली होती. तिने चपला डोक्यावर धरून ओरडून विचारलं, "कोणाच्या?"

एक तरणा पोरगा अनवाणी खाली उतरला. "माझ्या. नंबर आला का मॅडम?"

"आधी नाव सांग."

"मघाशी सांगितलं ना," तो हसला.

"पुन्हा सांग," निशा म्हणाली. "माझ्याकडून हरवलं."