जशी घेतली तशी

रंगारीण तोंडाची फटकळ, पण व्यवहाराला चोख. खोली सोडायचं ठरल्यावर महिनाभर आधी ती स्वतः घरमालकाकडे गेली. सासूबाईंच्या गुडघ्यांना तिसरा मजला झेपत नाही, तळमजल्यावर एक खोली बघितली आहे, असं सांगून आली. मालक पेपर वाचत होता, बरं बरं म्हणाला. पुढच्याच आठवड्यात नवं जोडपं खोली बघून गेलं. म्हणजे हिचं बोलणं त्याच्या कानात नीट शिरलं होतं, हे शेंबडं पोरही सांगेल.

पण सामान बांधून झालं, डिपॉझिटचा विषय निघाला आणि गडी एकदम कायद्यावर आला. म्हणे, नोटीस लेखी हवी होती; लेखी नाही म्हणजे दिलीच नाही, तेव्हा एक भाडं कापणार. भिंतीत खिळ्यांची भोकं आहेत, त्याचेही कापणार. कापता कापता डिपॉझिटचा पार चोथा केला मेल्याने.

तेच पैसे नव्या खोलीला भरायचे होते. तिथला मालक संध्याकाळपर्यंत थांबणार होता, नंतर खोली दुसऱ्याला. मग सासूबाई पुन्हा वरच. गेल्या वर्षी दवाखान्यातून आल्या तेव्हा शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून वर आणलं होतं, त्यानंतर त्यांनी रस्ता पाहिलेला नव्हता. खाली न्या, असं कधी म्हणाल्याही नाहीत. लोकांना कशाला त्रास, एवढंच. रंगारणीला त्यांच्या ह्या गप्प बसण्याचाच जास्त राग यायचा.

तिच्या जोडीने रंगकामाला जाणारी नणंद म्हणाली, जाऊ दे वहिनी, दगडावर डोकं आपटून आपलंच कपाळ फुटतं. तरी रंगारीण खाली मालकाच्या दारात गेली, सासूबाईंचं सगळं सांगून हात जोडले.

"करार वाच," मालक म्हणाला. "जागा जशी घेतली तशी परत करायची. भोकं पाडून नाही."

"जशी घेतली तशी?"

"तंतोतंत."

अरे बाबा, माणसाने बोलताना समोर कोण उभं आहे ते तरी बघावं. सहा वर्षांपूर्वी ह्या खोलीच्या भिंतींवर ओलीचे हे एवढाले काळे डाग होते. नणंद-भावजयींनी भेगांत लांबी भरली, गिऱ्हाइकांना विचारून उरलेले डबे आणले, एकत्र कालवून सुरेख फिकट निळा रंग बनवला आणि त्याचे दोन हात मारले. मालकाने फुटकी कवडी दिली नाही. उलट खोली छान दिसते म्हणून पुढच्या वर्षी भाडं वाढवलं.

रंगारणीने वर येऊन बांधलेलं बोचकं सोडलं, भिंत ओली केली आणि खरवडायची पट्टी चालवायला लागली. नणंदेने क्षणभर बघितलं, पदर खोचला आणि दुसरी पट्टी उचलली. निळे पोपडे गळायला लागले, आतून जुने डाग डोकावले. सासूबाई मधोमध खुर्चीत, डोक्यावरून चादर घेऊन बसल्या होत्या.

आवाज ऐकून मालक धापा टाकत आला. आधी पोलिसांची धमकी दिली. रंगारीण म्हणाली, बोलवा, करार त्यांनाही वाचून दाखवू. मग निम्म्यावर आला. हात थांबले नाहीत. नवं जोडपं दुपारी सामान घेऊन यायचं होतं आणि अर्धी भिंत कोड फुटल्यासारखी दिसत होती. शेवटी तो चादरीसमोर वाकला. आजी, तुम्ही तरी सुनेला समजवा, म्हणाला.

सासूबाईंनी चादर बाजूला केली, भिंत नीट पाहिली.

"सूनबाई, वरचा कोपरा राहिला गं."

नणंदेला हसू आवरेना. मालक निमूट खाली गेला आणि सगळे पैसे घेऊन आला. आता तेवढी भिंत रंगवून द्या, असंही चाचरत म्हणाला. रंगारणीने पट्टी पुसली. बाकीच्या तीन भिंती सोडल्या, हेच उपकार समजा, असं त्याला सांगितलं आणि खुर्चीचे पाय धरले.

दोघींनी जिने उतरताना तीनदा दम खाल्ला. खाली टेम्पोवाला घाई करत होता. फाटकाबाहेर आल्यावर सासूबाई म्हणाल्या, इथेच टेकवा जरा. आणि हात मांडीवर ठेवून त्या येणारी-जाणारी माणसं बघायला लागल्या. वर्षाची भूक होती ती. वरच्या खिडकीतून मालक ओरडला की फाटक अडतंय, खुर्ची हलवा. रंगारणीने सवयीने हात घातला, तर सासूबाईंनी तो दाबून धरला.

"बसू दे गं," त्या म्हणाल्या, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात. "रस्ता काय त्याच्या बापाचा आहे?"