पुलीवरची पांढरी खूण

चढाच्या पायथ्याशी थोरलीने कानांवर टोपणं बसवली आणि धाकटीला खुणावलं, चल. टोपणांतून निघालेली रबरी नळी खिडकीतून बॉनेटखाली शिरली होती. तिच्या टोकाला तांब्याचा चपटा तुकडा होता आणि तो थेट इंजिनाला बोल्टने आवळलेला होता. इंजिनाच्या पोटातलं ऐकायची ही युक्ती बाबांचीच.

टर्बोचा पंखा इंजिनात जादा हवा कोंबायला लागला की ठिणगी जरा उशिरा पडायला हवी. घाई झाली तर पेट्रोल नीट जळायच्या ऐवजी फुटतं आणि पिस्टनला भोक पाडतं. अशी दोन भोकं पडून झाली होती, आणि दोन्ही वेळा बाबांनी खापर धाकटीच्या डोक्यावर फोडलं होतं. "हिचा पाय जड आहे. मी स्वतः नळी लावून ऐकलंय, इंजिन स्वच्छ आहे. आता फुटलं तर गाडी भंगारात, आणि हिचं शर्यतीचं खूळही." धाकटी उलट बोलली नव्हती. ती नुसती भीत भीत चालवायला लागली होती. थोरलीला राग यायचा तो याचाच.

चढावर टर्बोच्या दाबाचा काटा वर सरकला आणि नळीतून पेट्रोल फुटण्याचा आवाज आला, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा.

"पाय काढ," थोरली म्हणाली.

वर्कशॉपमध्ये बाबा बाकावरून उठलेही नाहीत. "पेट्रोल हलकं असेल. ठिणगीचं टायमिंग मी लावलंय. दिवा मारून बघ."

तिने इंजिन चालू ठेवून त्याच्या दांड्यावर फिरणाऱ्या पुलीवर टायमिंगचा दिवा मारला; तो प्रत्येक ठिणगीला लखलखतो आणि फिरती खूण थांबलेली दिसते. पांढरी खूण बरोबर जिथे हवी तिथे उभी होती, अगदी शहाण्या मुलासारखी. पण तिचे कानही काही खोटं बोलत नव्हते. मग शंका घ्यायला उरली ती खूणच. बाबा दरवर्षी तिच्यावर नवा रंग चढवायचे, आणि तिच्यावर शंका घेणं म्हणजे त्यांच्या मिशीला हात लावण्यासारखं होतं.

थोरलीने इंजिन बंद केलं, निवू दिलं आणि मिशीला हात घातला.

पहिला प्लग काढून तिने त्या भोकात बोथट टोकाचा बोल्ट बसवला. पिस्टन त्याला टेकेपर्यंत इंजिन हाताने फिरवलं आणि पुलीवर खडूची रेघ मारली. मग उलट्या बाजूने फिरवून दुसरी. दोन रेघांच्या बरोबर मधे पिस्टन सगळ्यात वर पोचतो ते खरं ठिकाण, जिथे खूण असायला हवी. ते पांढऱ्या खुणेपासून चांगलं बोटभर लांब निघालं.

"बाबा, या जरा."

बाबा आले. त्यांनी पट्टी मागून घेतली, स्वतः मोजलं, पुन्हा मोजलं. मग पुलीच्या कडेवर अंगठा दाबला. कड आणि मधला भाग यांना धरून ठेवणारं रबर कुजून गेलं होतं. कड घसरली होती आणि खूण सोबत घेऊन गेली होती. दिवा काहीही सांगो, ठिणगी कितीतरी लवकर पडत होती. बाबांनी दोन वर्षं चुकीच्या जागेवर मन लावून रंग दिला होता.

"जुन्या इंजिनाची पुली काढ," ते म्हणाले. "आणि तिचीही खूण तपासून घे. मी म्हणतो म्हणून मानू नकोस."

पुली बदलून, नव्याने टायमिंग लावून तिघं चढाकडे निघाले. बाबा मागच्या सीटवर. नेहमीच्या वळणावर धाकटीचा पाय सवयीने वर आला.

"दाब," थोरली म्हणाली. "पूर्ण."

काटा वर गेला. नळीत नुसती इंजिनाची घरघर, खडा एकही नाही. माथ्यावर पोचल्यावर थोरलीने टोपणं काढून मागे दिली, आणि दुसऱ्या फेरीला बाबांनी ती लावली.

"स्वच्छ आहे ना?" वर आल्यावर धाकटीने आरशातून विचारलं.

बाबांनी टोपणं काढून मांडीवर ठेवली. "थोरलीला विचार. मला नळीतलं नाही येत ऐकू." त्यांनी आरशातल्या धाकटीकडे पाहिलं. "मागच्या दोन्ही वेळीही आलं नव्हतं, पोरी."

धाकटीने गाडी वळवून पायथ्याशी नेली आणि या वेळी माथ्यापर्यंत पाय उचलला नाही.