रांगेपुढे उभी केलेली विधवा

केझाया नदीकाठी शिपायांच्या कंपनीचे सदरे बडवत होती. नवऱ्याच्या कबरीवरची माती अजून ओली होती. पण मेलेल्याची बायको रडत बसली तर जिवंतांचे कपडे कोण धुणार? शेजारी म्हातारी नोरा साबण घासत होती.

"अगं, जरा हळू! तो कप्तानाचा सदरा आहे, कप्तान नव्हे."

"कळतंय गं," केझाया म्हणाली, "म्हणून तर हात चालतोय."

तिचा नवरा इनॉक अमेरिकेतल्या वबाश नदीकाठच्या आमच्या किल्ल्यावर शिपाई होता. पगार महिना तीन डॉलर. त्यातला एक कपडे आणि औषधपाण्यासाठी कापला जाई. कपडे म्हणजे चिंध्या, औषध म्हणजे व्हिनेगर. उरलेले दोन डॉलर उन्हाळ्यापासून आलेच नव्हते. किडक्या पिठाच्या भाकरी खाऊन, फाटक्या बुटांनी बर्फात पहारा करता करता तो तापाने गेला. रिवाजाप्रमाणे त्याचं घोंगडं आणि बूट नगाऱ्यापुढे लिलावात निघाले. आलेले पैसे दुकानदाराने उधारीपोटी उचलले. मेल्या माणसाच्या पायातले बूटसुद्धा या लोकांना सोडवले नाहीत!

आता पाळी बायकोची होती. सरकारी शिधा खायचा तर बाई कुणातरी शिपायाची बायको हवी. विधवेने आठवड्यात दुसरा नवरा करायचा, नाहीतर फाटकाबाहेर व्हायचं. बाहेर बर्फ होता आणि इथल्या आदिवासींची जमीन बळकावण्यासाठी आम्हीच पेटवलेली लढाई होती.

शनिवारी कंपनी रांगेत उभी राहिली. केझाया वर्षाच्या मुलीला कडेवर घेऊन पुढे उभी होती. बाजारात गाय उभी करतात, तशीच.

"हिला बायको कोण करतो?" कप्तानाने विचारलं.

नाईक जोथम पुढे आला. भला माणूस, इनॉकला त्यानेच खांदा दिला होता.

"नशीब काढलंस, बाई," कप्तान हसला.

"जोथमदादा, तुमचे उपकार विसरणार नाही," केझाया म्हणाली, "पण मला दुसरा नवरा नको. साहेब, आधी पहिल्याचा पगार द्या."

"पगार माझ्या हातात आहे का?"

"मग माझं लग्न कसं तुमच्या हातात आलं? उद्या हेही तापाने जातील, तुम्ही यांचेही बूट विकाल आणि मला तिसऱ्यापुढे उभं कराल. माझं पोर भुकेलं आहे, साहेब. पण मी काही कंपनीचं घोंगडं नाही, ह्याच्यावरून काढून त्याच्यावर घालायला!"

कप्तान लालबुंद झाला. "जोथम, घेऊन जा हिला!"

जोथम एक पाऊल मागे सरून रांगेत उभा राहिला.

"नाही, साहेब. मी मेल्यावर माझी बायको म्हणून हिचं पुन्हा हेच व्हायचं."

"दुसरं कोण आहे?"

एकही पाय हलला नाही. मागून नोराने कप्तानाच्या कपड्यांचं बोचकं त्याच्या दारात आपटलं. "आजपासून तुमचं तुम्ही धुवा, बाबा!"

केझायाचा शिधा त्याच दिवशी बंद झाला. तिला बाहेर काढायचा हुकूमही निघाला, पण तो बजावायला शिपाई मिळेना. संध्याकाळी जोथमने आपली अर्धी भाकरी तिच्या उंबऱ्यावर ठेवली. मग दुसरा आला, तिसरा आला. ज्यांना स्वतःला पोटभर मिळत नव्हतं, त्या माणसांनी हिवाळाभर त्या मायलेकींना जगवलं. आणि ज्या सरकारसाठी इनॉक मेला, ते सरकार राजधानीत शेकोटीपुढे जेवत होतं. त्याच्या घशाखाली घास उतरत तरी कसा होता?