विसाव्याला

भामाबाईनं लुगडं चहाच्या ट्रेशेजारी ठेवलं आणि पदर सावरून व्हरांड्याच्या पायरीवर बसली. बरोबर वाडीतल्या चार बाया होत्या. त्या खालच्या पायरीवर टेकल्या. मग सगळ्यांनी मिळून हिल्डाबाईंकडं पाहिलं, जणू आता पुढचं काम त्यांचं होतं.

हिल्डाबाईंनी कप खाली ठेवला. लुगडं तपकिरी होतं, बारीक काठाचं, नव्या कापडाच्या खळीचा वास येणारं.

“हे काय आनलंस, भामाबाई?”

“दुखवट्याचं लुगडं. म्हायेरचं असतंया.”

“कुनाच्या म्हायेरचं?”

“आता कुनाच्या? तुमच्या. भावानं आनायचं असतं. तुमचा भाऊ पडला लांब, म्हून ह्यांनी आनलं.”

‘हे’ म्हणजे भामाबाईचा नवरा कोंडाजी. तो फाटकाशी उभा राहून, आपला या प्रकाराशी काही संबंध नाही असा चेहरा करून जांभळीच्या शेंड्याकडं बघत होता. हिल्डाबाईंचे यजमान पिलिंगसाहेब घाटातल्या रेल्वेलाईनचे इन्स्पेक्टर होते तेव्हा कोंडाजी त्यांच्या रूळ सांभाळणाऱ्या गँगमध्ये होता. साहेब त्याला रोज शिव्या देत आणि रोज एक सिगारेट देत. अशा नात्याला इंग्रजीत शब्द नाही. मराठीतही नाही, पण मराठीत निदान लुगडं आहे.

वॉल्टर पिलिंगसाहेबांचा तो दहावा होता. लोणावळ्याच्या दफनभूमीत त्यांना पुरलं, तेव्हा पाद्रीबुवा, दोन अँग्लो-इंडियन ड्रायव्हर आणि गँगमधली झाडून सगळी माणसं हजर होती. नंतर पाद्रीबुवांनी हिल्डाबाईंचा हात हातात घेऊन सांगितलं होतं, आता तुम्ही होमला जायला हवं. पाद्रीबुवांचा स्वतःचा जन्म अहमदनगरचा होता, पण होम कुठं असतं याबद्दल त्यांच्या मनात कसलीही शंका नव्हती. हिल्डाबाई भाड्यानं राहत होत्या त्या बंगल्याच्या मुंबईकर मालकांनाही नव्हती. त्यांच्या मुलाला दमा होता आणि मळवलीची हवा चांगली होती.

हा होम शब्द रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे साहेबलोकांच्या क्लबात, तीस वर्षं चालला. ज्या घरात माणसं राहायची त्याला ती क्वार्टर म्हणत. जी विलायत सोडून आली तिला होम. सत्तेचाळीसनंतर एकेक जण होमला गेला. दोन नाताळ त्यांची कार्डं आली: थंडी आहे, कोळसा मिळत नाही, नोकर तर नाहीच नाही. मग कार्डंही थांबली. पिलिंगसाहेब तेवढे गेले नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायचे, ऐन पावसाळ्यात घाट सोडून कोण जातं? आणि दर वर्षी पावसाळा येत असे.

हिल्डाबाईंचं मराठी स्वयंपाकघरात, भामाबाईच्या हाताखाली तयार झालेलं. पुण्याच्या एका डॉक्टरांनी एकदा ते ऐकलं आणि रुमालात तोंड लपवून म्हणाले, “बाई, काय अस्सल बोलता हो!” हिल्डाबाईंनी ती तारीफ समजून संध्याकाळी साहेबांना सांगितली होती. साहेबही खूश झाले होते.

पण आता सांगायचं होतं त्याला या अस्सल मराठीत शब्द सापडेना. गेला आठवडाभर त्या शोधत होत्या. घरी जाते म्हणावं तर घर म्हणजे हेच, ज्याच्या पायरीवर बाया बसल्या होत्या. देशाला जाते म्हणावं, तर मावळात देश म्हणजे पुण्याच्या पलीकडचा ज्वारीचा मुलूख. भामाबाई विचारणार, काय, बारामतीला? गावाला जाते म्हणावं, तर गावाला गेलेलं माणूस आठवड्यात परत येतं.

लुगड्याकडं बघता बघता त्यांना शब्द मिळाला. भामाबाईनंच तो आणून समोर ठेवला होता.

“भामाबाई, मी म्हायेराला चालले.”

त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. आता रडारड होईल, आणि आपल्याला ती थांबवता येणार नाही.

बायांचे चेहरे खुलले.

“आता कसं!” भामाबाई म्हणाली. “म्या ह्यांना तेच म्हनत हुते. इसाव्याला जायाच पायजे. हितं भिताडं बघत बसून काय करनार?”

“जा बाई, जाऊन या,” खालच्या पायरीवरची येसूबाई म्हणाली. “पोटभर रडून या.”

विसावा हिल्डाबाईंना ठाऊक होता. घरात मयत झालं की माहेरचे येतात, बाईला चार दिवस घेऊन जातात, खाऊपिऊ घालतात, सासूच्या नजरेआड रडू देतात आणि परत पाठवतात. परत पाठवतात, हे सांगायलाही लागत नाही. जी बाई माहेरी गेली आणि परत आली नाही, तिला एक वेगळा शब्द होता, आणि तोही त्यांना भामाबाईनंच शिकवला होता. टाकलेली.

तो शब्द स्वतःबद्दल वापरणं त्यांना जमलं नाही. त्यांनी चहा ओतला, सगळ्यांना.

पुढचे दिवस बांधाबांधीत गेले, आणि बांधाबांध भामाबाईनंच केली. हिल्डाबाई एकेक वस्तू तिला देत, आणि ती एकेक वस्तू सांभाळायला म्हणून घेई. शिवणाचं मशीन दिलं. “न्हेते. मधी मधी तेल घालीन, न्हाईतर तुमी येस्तोवर गंजायचं.” कोंबड्या दिल्या. “ऱ्हाऊ द्या माज्याकडं. पर मला बोल लावू न्हका, मुंगूस लय झाल्यात.” साहेबांचा गरम कोट कोंडाजीला दिला, तेव्हा तिनं तो डांबराच्या गोळ्या घालून पेटीत ठेवला. कोंडाजीनं पेटीकडं एकदा पाहिलं.

शेवटी एका दुपारी परसात पावटा पेरता पेरता हिल्डाबाईंनी पुन्हा धीर केला.

“भामाबाई, माजं म्हायेर लय लांब हाय.”

“म्हायेर लांबच असतं. माजं आंदर मावळात. दोन डोंगर वलांडून. म्या काय परत आले न्हाई व्हय?”

“तितं माजं कुनी न्हाई आता. भाऊ बी गेला.”

भामाबाईचा हात थांबला. तिनं मातीचा हात तसाच कपाळाला लावला. “आगं बया. कवा?”

“दोन वर्सं झाली.”

“बोलला न्हाईत कंदी.” मग ती पुन्हा बी टाकू लागली. “भावजय असंल की. भावजया असत्यातच. तोंड वाकडं करंल, पर चार दिस जेवायला घालंल.”

भावजयीनं ते चार दिवसही पत्करले नव्हते. तिनं समुद्रकाठच्या बेक्सहिल नावाच्या गावात, एकट्या म्हाताऱ्या बायका राहतात अशा एका घरात हिल्डाबाईंसाठी खोली ठरवली होती. हिल्डाबाईंचा जन्म डर्बीचा. बेक्सहिल त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. भाऊही तिथं पुरलेला नव्हता.

“वाकडं करंल,” त्या म्हणाल्या, आणि पुढचा खड्डा केला.

निघायच्या सकाळी कोंडाजीनं ट्रंक डोक्यावरून मळवली स्टेशनात आणली आणि फलाटावर ठेवून तिच्यावरच बसला. लोणावळ्यापर्यंत लोकल, तिथून मुंबईची गाडी, तिथून आगबोट. हिल्डाबाईंनी हॅट घातली होती. भामाबाई त्यांच्या झग्याच्या पाठीवरच्या सुरकुत्या हातानं सारख्या करत होती.

“एक राह्यलंच की,” ती एकदम म्हणाली. “तुमाला आनायला कोन येनार?”

हिल्डाबाईंनी हॅट सारखी केली.

“बाईमानसानं म्हायेरनं आपल्या पायानं परत येऊ न्हये. सासरचं मानूस आनायला लागतं. तुमाला दीर न्हाई, ल्योक न्हाई.”

“मी जातो की,” कोंडाजी म्हणाला.

“तुमी? लुगडं आनलंत भाऊ म्हनून, आता आनायला जानार दीर म्हनून. उद्या सासू बी व्हाल.”

“गँगमधी मानसं कमी असली की एकालाच दोन कामं पडत्यात.” कोंडाजीनं विडी ट्रंकेच्या कडेला विझवली. “मडमबाई, आगबोटीतनं उतारल्यावर फुडं रेल हाय का?”

“हाय.”

“लाईन हितल्यावानीच?”

“न्हाई. हितल्यापरीस अरुंद.”

कोंडाजीनं समोरच्या रुळांकडं पाहिलं. “अरुंद? सायबाच्या मुलखात?”

“व्हय.”

“सायेब कवा बोलले न्हाईत,” तो म्हणाला. त्याला ते लागलेलं दिसलं. “बरं. ठेसन कंचं?”

हिल्डाबाईंनी त्याच्या चेहऱ्याकडं नीट पाहिलं. या माणसानं लोणावळ्यात किती साहेबांच्या ट्रंका गाडीत चढवल्या होत्या. परत आलेली एकही उतरवली नव्हती. त्याला ते आठवत होतं की नाही, चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. तो उत्तराची वाट बघत होता.

“बेक्सहिल.”

“बेक्सील,” कोंडाजी म्हणाला. मग मनाशी आणखी एकदा. “आन् कुनाची म्हनून इचारू?”

मावळात हे विचारावंच लागतं. कुठल्याही वाडीत शिरून नुसतं बाईचं नाव घेतलं तर कुणी पत्ता सांगत नाही. कुणाची लेक, कुणाची बहीण, कुणाची मंडळी, ते आधी सांगावं लागतं. हिल्डाबाईंनी वडिलांचं नाव आठवून पाहिलं. मग भावाचं. मग साहेबांचं. बेक्सहिलमध्ये यांतलं एकही नाव कुणी ऐकलेलं नव्हतं.

तळेगावकडून गाडी दिसू लागली. भामाबाईचा हात पाठीवरच होता.

“मळवलीची म्हनून इचारा,” हिल्डाबाई म्हणाल्या.

कोंडाजीनं मान हलवली. ट्रंकेवरून उठला, मुंडासं सारखं केलं, आणि काही राहून जाऊ नये म्हणून विचारलं,

“तितं मळवलीची एकच असंल न्हवं? न्हाईतर घोटाळा व्हईल.”

“एकच हाय,” हिल्डाबाई म्हणाल्या.