तौकीरच्या कात्रीची खूण

या, जवळ सरका मंडळी. बुवांचं कीर्तन फोनवर लागायला अजून अवकाश आहे, तोवर एक गोष्ट सांगतो. खोटी वाटली तरी पुरती ऐका.

सौदीत जिझानकडच्या डोंगरात एका वादीवर, म्हणजे पावसाळी नदीवर, धरण आहे. तिथली मासळी मोजायला आपले श्रीपाद सर जात, आणि होडी चालवायला दाभोळचा जाफर. मोजायची रीत अशी : मासे धरायचे, पोटाखालचा पर जरासा कापायचा, सोडून द्यायचे. आठवड्याने पुन्हा जाळं टाकायचं. खुणेचे मासे पुष्कळ मिळाले तर समजायचं, तलावात मासळी थोडी. क्वचितच मिळाले, तर तलाव भरलेला.

गेल्या वर्षी पर कापायला तौकीर होता. जाफरच्याच मोहल्ल्यातला, डावखुरा. त्याची कात्री तिरकी चाले. शेवटचा मासा सोडताना तो म्हणे, "जा, दाभोळला सलाम सांग."

"अरे येड्या, हा गोड्या पाण्यातला. खाडीत पोचेपर्यंत खारवला जाईल!" जाफर हसे.

एका दुपारी डोंगरात पाऊस झाला, वादीला लोंढा आला आणि होडी उलटली. जाफर काठाला लागला. तौकीर गाळात गेला तो गेलाच. शोधूनही हाती लागला नाही.

यंदा मासळी भरपूर निघाली, तर मासळीचा ठेकेदार रापण, म्हणजे तळ खरवडणारं मोठं जाळं, लावणार होता. ती ओढायला कोण? जाफरच. ज्या गाळात दोस्त निजलाय, त्यावरूनच दोर ओढायचा!

यंदा पहिल्या फेरीत पर सरांनीच कापले होते, सरळ. आठवड्याने दुसऱ्या फेरीचं जाळं वर आलं. उन्हात चिलापी मासे तडफडत होते. सर एकेक उलटून पाहू लागले आणि थबकले.

"जाफरभाई, हे बघा."

पर तिरका कापलेला. पुढच्या माशाचाही. त्याच्या पुढच्याचाही.

"गेल्या सालचे असतील, सर."

"वर्षभरात पर भरून येतो हो. हा काप ताजा आहे, अजून लाल आहे." सरांचा आवाज खाली आला. "आकडा कमी यावा म्हणून तुम्ही तर नाही ना...?"

"अल्लाची कसम! कात्री तुमच्याच पेटीत, कुलपात असते. अन् मी उजव्या हाताचा."

वारा पडलेला होता. तरी होडी हळूच डावीकडे कलली, पाण्यातून कुणी काठावर हात टेकावा तशी. दिवसभर अभंग गुणगुणणाऱ्या सरांनी पाण्याला हात जोडले.

"ही मोजणी रद्द," ते म्हणाले. "ज्या खुणा आपण केल्या नाहीत, त्यांवर मी आकडा कसा मांडू? पुढच्या हंगामात पुन्हा मोजू. तोवर इथे कुणाची रापण नाही."

"आणि पुढच्या हंगामात?"

"तेव्हाही तो असेलच की."

जाफरने शेवटचा मासा ओंजळीत घेतला. "जा," तो म्हणाला, "सलाम पोचला म्हणून सांग त्याला."

मासा सरळ खाली गेला. होडी हळूहळू सरळ झाली.

मंडळी, आता टाळ वाजतील, आपण आपल्या गेलेल्यांना आठवू. त्यांच्यात दाभोळच्या तौकीरलाही आठवा. त्याला कबर मिळाली नाही. निदान आठवणीची मूठभर माती द्या.