आवळलेल्या झाकणाची कैफियत

मी इंजिनावरचं झाकण बोलतोय. हसू नका. एखाद्याला मूर्ख म्हणायचं असलं की माणसं त्याला ‘झाकण’ म्हणतात, हे मला ठाऊक आहे. बॉनेटखाली राहिलं तरी कानावर येतंच. गॅरेजवाले मला टॅपेट कव्हर म्हणतात, ते त्यातल्या त्यात बरं.

माझं काम साधं आहे. इंजिनात तेल उडत असतं, ते बाहेर येऊ द्यायचं नाही. माझ्या आणि इंजिनाच्या मध्ये रबराची एक पट्टी असते, तिला पॅकिंग म्हणतात. खरं काम तीच करते, मी नुसता तिच्यावर बसून असतो. पण तापून तापून रबर कडक होतं, त्याला भेगा पडतात आणि कडेनं तेल पाझरू लागतं. पॅकिंग बदललं की प्रश्न मिटला. एवढी साधी गोष्ट माणसाच्या डोक्यात शिरायला किती वर्षं लागावीत?

पत्र्याच्या एका मोठ्या तुकड्यातून मला कापलं, दाबून आकार दिला आणि काळा रंग फासला. माझा पहिला मालक बॉनेट कधी उघडायचाच नाही. तेव्हा वाटायचं, याला आपली किंमत नाही. आता कळतंय, ते दिवस सुखाचे होते.

मग गाडी चष्मेवाल्याकडे आली. खाली दुकान, वर घर आणि दारात आम्ही. या माणसाचा सगळा जन्म बारीक स्क्रू फिरवण्यात गेलेला. चष्मा नाकावरून घसरतोय? आवळ. दांडी लटपटतेय? आवळ. माझ्या कडेला तेलाचा पहिला ओघळ दिसला तेव्हा त्यानं काय केलं असेल, ते सांगायला नकोच. पाना आणला आणि माझे बोल्ट आवळले.

“बसलं आता घट्ट,” असं म्हणून त्यानं माझ्या पाठीवर थापही मारली.

बसतंय कसलं! बोल्टाजवळ माझा पत्रा आत दबला आणि दोन बोल्टांच्या मधली कड वर उचलली गेली. तेल जास्तच यायला लागलं. त्यानं अजून आवळलं. मग नळीतला कसलासा चिकट लगदा कडेनं थापला. वाकड्या तोंडाला मलम लावून काय होणार? पण विचारतो कोण मला!

गळलेलं तेल मागच्या तापलेल्या धुराच्या पाइपवर पडायचं आणि जळायचं. त्याचा वास हवेच्या जाळीतून थेट गाडीत जायचा. दुकानाला सुट्टी असली की संध्याकाळी नवराबायको गावाबाहेरच्या तळ्यावर जायची. थर्मासमधला चहा प्यायचा, अंधार पडला की परतायचं, एवढाच त्यांचा कार्यक्रम. एकदा वाटेतच बायको म्हणाली, “अहो, काहीतरी जळतंय. मला मळमळतंय.”

त्यानं दोनतीनदा जोरात श्वास ओढला. “कुठे? मला तर काही येत नाही.”

“मग मी खोटं बोलतेय का?”

“तसं नाही गं. होतात कधीकधी भास.”

हा ‘भास’ तिला जो लागला, तो लागलाच. पुढच्या सुट्टीला ती पदर नाकाला लावून बसली. त्याच्या पुढच्या वेळी “तुम्हीच जाऊन या,” म्हणाली आणि नंतर जिना उतरलीच नाही. तो हट्टानं एकटा जायचा, लगेच परत यायचा. मागच्या सीटवर थर्मास भरलेलाच हिंदकळत यायचा.

“कंटाळली आहे मला,” तो स्टिअरिंगला सांगायचा. “वासाचं आपलं निमित्त.” वर गॅलरीत ती फोनवर बहिणीला सांगायची, “गाडी खरी आणि मी खोटी, असं चाललंय आमच्याकडे.” दोन्ही माझ्या कानावर. सगळं ठाऊक असून तोंड नसणं म्हणजे काय, ते मला विचारा. आणि घरात बिनसलं की हा बाबा पाना घेऊन माझ्याकडे! राग बायकोवर, आवळायचं मला.

एका सकाळी तळ्यापर्यंत जाऊन तो तसाच परतला. इंजिन तापलेलं होतं. बॉनेट उघडून त्यानं चिंध्यांच्या बोळ्यानं माझं तेल पुसलं, तो तेलकट बोळा मागच्या पाइपवर ठेवला आणि माझ्या पुढच्या कोपऱ्यावर वाकून बोल्ट फिरवू लागला. बोळा धुमसायला लागला. त्याचं नाक तिथून वीतभर अंतरावर. मी मनात ओरडत होतो, अरे, बघ, बघ!

गॅलरीतून बायको म्हणाली, “अहो, काय जळतंय?”

“काही नाही,” हा मान वर न करता म्हणाला.

ती धावत खाली आली. त्याच्या हातातला पाना ओढून तिनं बोळा खाली पाडला आणि चपलेनं विझवला. आता ती बरसणार, असं मला वाटलं. पण ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली.

“तुम्हाला याचा वास नाही आला?”

“सर्दी आहे जरा.”

“कधीपासून?”

त्यानं चष्मा काढून पुसायला घेतला. तो स्वच्छच होता. “मागे ताप आला होता ना, तेव्हापासून बहुतेक. चहालासुद्धा वास नसतो. मला वाटलं, तू पावडर बदललीस.”

ती दुकानाच्या पायरीवर बसली. “आणि भास मला होतात.”

त्यानं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाला, “दुकानात लोक येतात. म्हणतात, हल्ली पेपरची छपाईच पुसट असते. मी मनात हसतो त्यांना. चुकलं माझं. तुला खोटं ठरवलं.”

त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा मला काढलं. लगदा खरवडला, धुतलं आणि दुकानाच्या काचेच्या टेबलावर पालथं ठेवलं. माझ्या कडेखालून आरपार उजेड दिसत होता. तो वाकून बघतच राहिला. “हे मीच केलंय,” तो बायकोला म्हणाला. तिनं मला लाकडाच्या ठोकळ्यावर धरलं आणि त्यानं छोट्या हातोडीनं एकेक खड्डा सरळ केला. मग नवं पॅकिंग. बोल्ट मधून सुरू करून, आळीपाळीनं, थोडे थोडे.

“बिनफ्रेमच्या काचेला आवळतो तेवढंच,” तो पुटपुटला. जास्त आवळलं की काच तडकते, हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं! मला असा संताप आला म्हणून सांगू. काचेवर दया, आणि पत्रा मेला तरी चालेल?

संध्याकाळी ती गाडीत बसली. गल्लीच्या टोकाला त्यानं दुकानातल्यासारखं विचारलं, “आता कसं? आधीपेक्षा कमी की तेवढंच?”

“कमी. पण येतोय.”

झालं, मी म्हटलं, आला पाना! पाइपवरचं जुनं तेल जळून संपायला वेळ लागतो, हे याला कोण सांगणार? पण तो नुसतं “बरं” म्हणाला. गाडी वळवून घरी आणली, पाइप गार झाल्यावर घासून पुसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, “थोडा आहे.” त्यानं ऐकलं आणि पुन्हा पुसला.

मी आता म्हातारा झालोय, रंग उडालाय, कडेवर हातोडीच्या खुणा आहेत. हे पॅकिंगही एक दिवस कडक होईल, तेल पुन्हा गळेल. तेव्हा बाबांनो, बदला ते. आवळू नका. आणि शेजारी बसलेल्या माणसाला वास येत असेल, तर तो येतोय.

काल दोघं तळ्यावर गेली. वाटेत त्यानं विचारलं, “आता कसला वास येतोय?”

तिनं लांब श्वास घेतला. “कसलाच नाही.”

“मलाही नाही,” तो म्हणाला.

ती इतकी हसली, की मांडीवरचा थर्मास तिला दोन्ही हातांनी घट्ट धरावा लागला.